योसेफावरची आठ पानं

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता तू गेलीस. तू घरापुढच्या ओट्यावर खुर्चीत बसली होतीस. पायात चपला होत्या. मांडीवर पिशवी होती, पिशवीत डबा होता. मी आतल्या खोलीत लिहीत होतो.

आत्या, भेटायला आलेल्या सगळ्यांना मी यातलं अर्धंच सांगितलं आहे. ओट्यावर, खुर्चीत, बसल्या बसल्या. ऐकून लोक मान हलवतात आणि म्हणतात, देवानं किती अलगद उचललं, कुणाला त्रास दिला नाही. मी हो म्हणतो. चपलांचं सांगत नाही. घरात बसलेल्या म्हातारीच्या पायात चपला कशासाठी होत्या, हे कुणी विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणून मी सुटतो. तुझ्यापासून सुटता येत नाही, म्हणून हे तुलाच सांगायला बसलो आहे. वेळ लागेल. मला लवकर लिहिता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

संध्याकाळच्या चहानंतर शास्त्र, आपलं बायबल, वाचायची पद्धत तुझी. बीबी गावच्या दवाखान्यातून रिटायर होऊन तू चिखलीला माझ्याकडे राहायला आलीस ती ही पद्धत घेऊनच. आधी तू वाचायचीस. डोळे अधू झाले तसं वाचणं माझ्याकडे आलं. अध्याय संपला की मी पुस्तक मिटायला जायचो आणि तुझा हात पानावर यायचा.

"थांब. मंग आता काय करायचं?"

उद्या करायचं एक काम कुणीतरी सांगितल्याशिवाय शास्त्र मिटायचं नाही. कामही नाव-गाव असलेलं लागायचं. 'शेजाऱ्यावर प्रीती करायची' असलं तुला चालत नसे. "कोन्या शेजाऱ्यावर? किती वाजता?" असं तू विचारायचीस. फाटकाबाहेरचा पाण्याचा माठ त्यातूनच आला. पलीकडच्यांचा कुकर आठ महिने आपल्या फळीवर होता, तो चौपट परत करणाऱ्या जक्कयाच्या अध्यायामुळे परत गेला. एकदा स्मिता शाळेत शिकवून दमून आली होती. मला हळूच म्हणाली, "आज वंशावळ काढा. नुसती नावं आहेत, करायला काही निघणार नाही." मी मत्तयाचा पहिला अध्याय काढला आणि अब्राहामापासूनची सगळी नावं वाचली. तुझा हात पानावर आला.

"देवाले येवढ्यायची नावं पाठ हायेत. तुले तुह्या चुलतभावायचे नंबर तरी ठाव हायेत का?"

दुसऱ्या दिवशी मला सहा फोन करावे लागले. त्यातल्या एका भावाशी मी कित्येक वर्षांनी बोललो. स्मिता आठवडाभर माझ्याकडे बघून हसत होती.

मी कामापेक्षा टिपणं काढण्यात पटाईत. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. माझ्या शास्त्राच्या समासात पेन्सिलीची इतकी बारीक अक्षरं आहेत की मूळ ओळी गुदमराव्यात. तू एकदा म्हणालीस, "तू शास्त्राले पाव्हण्यासारखं बसवतं. चहा देतं, गोष्टी करतं, अन् फाटकापर्यंत पोचवून येतं. राहू म्हनत नाई." मी हसलो होतो. अक्षरं मला तूच शिकवलीस, ते मी तुला तेव्हा ऐकवलं. आई गेल्यावर बाबांनी मला तुझ्याकडे बीबीला ठेवलं होतं. दवाखान्याच्या खोलीत बसून औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून मी वाचायला शिकलो. 'जेवणानंतर', 'हलवून घ्यावे', 'लहान मुलांपासून दूर ठेवावे'. तू म्हणालीस, "हाव ना. पन चिठ्ठी वाचून कोनी बरं होत नाई, विनू. औषध घ्या लागते."

पाळकसाहेबांकडे तीन गावच्या मंडळ्या आहेत. नाताळाआधीच्या रविवारी ते डोणगावला जाणार होते, म्हणून इथल्या चर्चमध्ये संदेश द्यायचं, प्रवचनाचं काम माझ्याकडे आलं. मी मरीयेचा नवरा योसेफ निवडला. मत्तयाच्या पहिल्या दोन अध्यायांत त्याला चारदा स्वप्न पडतं. मरीयेला घरी आण. बाळाला घेऊन मिसर देशात पळ. आता परत ये. यहूदात नको, गालीलात जा. चारही वेळा तो उठतो आणि सांगितलं ते करतो. विचारत काही नाही. सगळ्या शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकसुद्धा वाक्य नाही. मला हे फार आवडलं होतं. न बोलणारा, विचारी माणूस. मला तो माझ्यासारखा वाटला, हे आता लिहिताना लाज वाटते.

बुधवारी संध्याकाळी मी तेच दोन अध्याय वाचले. तुझा हात आला. "मंग आता काय करायचं?"

"यात करायचं काही नाही आत्या," मी म्हणालो. "मिसरला थोडंच जायचंय आपल्याला?"

"तिकीट बघू का?" स्मिता म्हणाली.

तू हसली नाहीस. पानावरचा हात काढलास, पण काढायच्या आधी तो बराच वेळ तिथे होता. काम न ठरवता मी त्या दिवशी शास्त्र मिटलं. असं पहिल्यांदाच झालं असावं.

गुरुवारी दुपारी चार वाजता तू झोपेतून उठून माझ्या खोलीच्या दारात आलीस. चष्मा लावलेला नव्हता.

"विनू, शांताकडे जायचं हाये."

"कोण शांता?"

"बीबीची. आपली."

शांतामावशीचं नाव तुझ्या तोंडून मी अठरा वर्षांनी ऐकलं. दवाखान्यात तू सिस्टर आणि ती आया. बाळंतपणं तुम्ही दोघींनी मिळून केलीत. तू बाळ हातात घ्यायचीस आणि ती पाणी, कपडे, शिव्या आणि धीर पुरवायची. शाळेतून आलो की मी आधी तिच्याकडे जेवायचो. तिचा मिलिंद माझ्याच वर्गात होता. मी शिकायला बाहेर पडलो. पुढे तू चिखलीला आलीस आणि शांतामावशी आपल्या आयुष्यातून नाहीशी झाली. मी एकदा विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "लोकं आपापल्या घरी रायतात." मी पुन्हा विचारलं नाही. मी पुन्हा विचारणारा माणूस नाही.

त्या दिवशी दारात उभं राहूनच तू सांगितलंस. मिलिंदची कावीळ वाढली तेव्हा तू त्याच्या खाटेशी प्रार्थना करायला निघालीस आणि शांतामावशीनं तुला थांबवलं. म्हणाली, "औषध द्या, सिस्टर. प्रार्थना राहू द्या, आमचं आम्ही पाहू." मिलिंद गेला. तिसऱ्या दिवशी तू तिच्या घरी गेलीस, हातात शास्त्र घेऊन. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावलेली होती आणि ती भिंतीला टेकून बसली होती. तू तिला म्हणालीस, "शांते, तवा प्रार्थना करू देली असती तं पोरगं हाती लागलं असतं."

"मग काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"म्हने, सिस्टर, तुमी आता उठा."

तू उठलीस, आणि त्यानंतर तिच्या घरी बसली नाहीस.

"आज सपन पडलं," तू म्हणालीस. "देवदूत नाई, उजेड नाई, काई नाई. दवाखान्यामागची हापशी होती. शांता पानी भरून राह्यली होती. बादली भरली तरी हापसतच होती, पानी वाहून चाललं. मी म्हटलं, शांते, बस कर. तं मागून कोनीतरी म्हटलं, तू गेल्याबिगर ती कशी थांबन? अन् जाग आली."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "दुपारी वांग्याचं भरीत जास्त झालं की असली स्वप्नं पडतात."

"भरीत तुह्या बायकोनं केलतं," तू म्हणालीस. "शास्त्रात देव गाढवाच्या तोंडून बोलला. भरतातून बोलाले त्याले काय जड हाये?"

आपण दोघंही हसलो. तिथे मी उठलो असतो तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती. दारात गाडी उभी होती. चिखली ते बीबी दोन तासांचा रस्ता.

"मंग निंघू आता," तू म्हणालीस.

"आत्ता? आत्या, रविवारचा संदेश अर्धाच झालाय. सोमवारी जाऊ. नक्की."

"सोमवारी?"

"वचन देतो."

"योसेफानं देवदूताले म्हटलं होतं का, सोमवारी निंघतो म्हनून?"

"योसेफही आधी विचारच करत होता. शास्त्रात तसं लिहिलंय."

"इचार त्यानं झोपेपर्यंत केला. उठल्यावर नाई केला."

आता मी वादात पडलो होतो, आणि वादात पडलो की मी खुर्चीतून उठत नाही. तुला कसं कळलं हे देवाचं सांगणं आहे, असं मी विचारलं. तू म्हणालीस, गेल्यावर कळन. मी म्हणालो, आधी कळल्याशिवाय जायचं कसं? तू म्हणालीस, "बाळंतीन म्हने, सिस्टर, आता. मी कोन्या बाईले म्हटलं नाई का आधी सिद्ध कर म्हनून. हात धुवाले उठो." वाद हरायला लागलो की मी टोचणारं बोलतो. मी म्हणालो, "मिलिंदच्या वेळीही तुला देवानंच सांगितलं होतं ना?"

तू चौकटीला हात लावलास. मग म्हणालीस, "नाई. तवा मले कोनी सांगतलं नव्हतं. तवा मीच सांगत होतो."

आणि आत गेलीस.

त्या वाक्याची माफी मी मागितली नाही. रात्री जेवताना मागायची होती, तर तू करंज्यांच्या सारणाबद्दल स्मिताशी बोलत होतीस. मला वाटलं, विसरली. वाटलं की सोमवारी गाडीत दोन तास आहेत, तेव्हा बोलू.

शुक्रवारी तुम्ही दोघींनी करंज्या केल्या. पहिल्या घाण्यातल्या तू तुझ्या नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात भरल्यास आणि डबा पिशवीत घालून पिशवी तुझ्या खाटेच्या खांबाला अडकवलीस. ती मला दिसली. दुपारी तू हाताला पीठ लागलेलं असतानाच दारात आलीस.

"किती पानं झाली?"

"सहा. आठ होतील."

"अन् योसेफ किती बोलला म्हने?"

"एकही शब्द नाही. तेच तर लिहितोय."

"जो मानूस तोंडातून शब्द काढत नाई, त्याच्यावर तू आठ पानं लिहून राह्यला! बडबड्या योसेफ भेटला असता तं काय केलं असतं बे?"

मला हे फार आवडलं. तू वळलीस तसं मी ते वाक्य समासात टिपून घेतलं, संदेशात वापरायला. सातव्या पानावर ते आहे. तू मला काहीतरी सांगत होतीस आणि मी ते उतरवून घेत होतो.

शनिवारी सकाळी मी सगळं पुन्हा स्वच्छ अक्षरात काढत होतो. नऊच्या सुमारास ओट्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, तू उन्हाला बसलीस. थंडीत तू बसतेस तशी. अर्ध्या तासानं स्मितानं हाक मारली. मी ओळ पूर्ण करून उठलो. खरं सांगतो आत्या, ती हाक ऐकूनही मी हातातली ओळ पूर्ण केली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, काही करता आलं नसतं. मी तो प्रश्न विचारलाच नव्हता. संध्याकाळी पाहुणे आले, खोल्या भरल्या, तेव्हा स्वयंपाकघरात स्मिता मला म्हणाली, "सकाळी त्यांनी मला मेहकर गाडीची वेळ विचारली होती. मी म्हटलं, दहाला आहे. म्हटलं, यांना सांगू का? तर म्हणाल्या, लिहू दे त्याले. त्याचं मोडन."

ती रडत होती. तिला वाटत होतं की चूक तिची आहे. मी तिला म्हणालो, "चूक तुझी नाही," आणि कुणाची आहे ते सांगितलं नाही.

मेहकरला गाडी बदलून, त्या गुडघ्यांनी, तू एकटी बीबीला निघाली होतीस. ओट्यावर दम खायला टेकली असशील. माझ्या खोलीच्या खिडकीपासून ती खुर्ची चार हातांवर आहे. खिडकी थंडीसाठी लावलेली होती.

रविवारी सकाळची उपासना आणि दुपारी तीनला तुझी माती. संदेश द्यायला जमेल का, असं मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं. मी उभा राहिलो. आठ पानं शास्त्रात होती. मी उतारा वाचायला लागलो. योसेफ झोपेतून उठला, इथपर्यंत वाचलं आणि पुढे जाता आलं नाही. शास्त्र मिटून खाली बसलो. बाहेर पडताना एका म्हाताऱ्या काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "न बोलता सगळं बोललास, बेटा. असा संदेश आजवर झाला नाही." मी तो मान घेतला. हात सोडवून घेतला नाही. पाळकसाहेब डोणगावहून आले, तुझ्या पेटीवर माती पडली, तेव्हाही माझ्या मनात काकांचं ते वाक्य होतं आणि त्याची ऊब वाटत होती. आपण किती खालच्या थराला जाऊ शकतो, हे मला तिथे कळलं.

सोमवारी मी बीबीला गेलो. तुला सोमवारचं वचन दिलं होतं. घरात भेटायला येणारी माणसं होती, त्यांना स्मितावर सोडून तुझी पिशवी घेऊन निघालो. दोन तासांना दहा मिनिटं कमीच लागली.

घर तेच आहे, पुढे पत्र्याची पडवी नवी. शांतामावशी उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. केस पार पांढरे. मी फाटकात उभा राहिलो.

"कोन हाये?"

"मावशी, मी विनय. सिस्टरचा."

तिचा हात थांबला. ती माझ्याकडे नाही, माझ्या मागे गाडीकडे बघायला लागली. मग सूप बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात देऊन उठली.

"सिस्टर गाडीतच बसली का? उतरव ना तिले. का गुडघे धरले तिचे?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती काय समजायचं ते समजली आणि पुन्हा खाली बसली.

"कवा?"

"शनिवारी."

ती शेंगा सोलत राहिली. पाच-सात सोलून झाल्या. मग म्हणाली, "मंग तू काय कराले आला?"

मी सांगितलं. स्वप्न सांगितलं, हापशी सांगितली, न थांबणारं पाणी सांगितलं. आत्याला तुमची माफी मागायची होती, तिच्या वतीनं मी, इथपर्यंत आलो तेव्हा तिनं शेंगांचा हात वर केला.

"तू नको मागू. तुह्या तोंडून मले ते घेता येत नाई." मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "काऊन नाई आनलं तिले? गाडी तं हाये तुह्याजवळ."

"मी लिहीत होतो, मावशी. रविवारी चर्चमध्ये बोलायचं होतं."

"कायच्यावर?"

"योसेफ म्हणून एक माणूस होता. देवानं सांगितलं की उठून निघायचा. त्याच्यावर."

मला वाटलं, ती हसेल. हसली असती तर बरं झालं असतं.

"अन् तू बसून लिहत राह्यला," ती म्हणाली.

तेव्हा मी तिला चपलांचं सांगितलं. ते ऐकणारी ती पहिली. दहाच्या गाडीची वेळ तू विचारलीस, खुर्चीत बसलीस, पिशवी मांडीवर घेतलीस, सगळं.

"चपला पायात होत्या?"

"हो."

"पिशवी मांडीवर?"

"हीच पिशवी."

तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. तू ठेवली होतीस तशीच, दोन्ही हात तिच्यावर ठेवून. पडवीच्या पत्र्यावर एक चिमणी टकटक करत होती.

"मंग निंघाली होती ती," शांतामावशी म्हणाली. "पाय घराबाहेर पडला म्हंजे आली. मी आली धरतो. तिचं अन् माह्यं झालं." थोड्या वेळानं म्हणाली, "तुहं काय ते तू पाह्य."

तिनं डबा उघडला. एक करंजी मोडून अर्धी आत जाऊन मिलिंदच्या फोटोपुढे ठेवली आणि अर्धी तोंडात टाकली. "सारन कमीच भरते सिस्टर," ती म्हणाली. "तवाबी कमीच भरे. म्या किती खेप सांगतलं." आणि पदर डोळ्यांना लावून तिनं ती करंजी चावून चावून संपवली.

निघताना मी डब्याकडे बघितलं. ती म्हणाली, "डबा राहू दे. रिकामा देऊ नये, अन् आज माह्या घरी काई केलेलं नाई. येजो घ्याले."

"सोमवारी येतो, मावशी," मी म्हणालो. तोंडातून सहज निघालं. निघाल्यावर मला ऐकू आलं.

"सोमवारी?" ती म्हणाली. अगदी तुझ्यासारखं.

आपला वाद अर्धाच राहिला आत्या, आणि आता तुझी बाजूही मलाच मांडावी लागते. प्रत्येक स्वप्न देवाचं नसतं, हे मी अजूनही म्हणेन. देवाचं म्हणून माणसं काय काय बोलून जातात हे तूच मला दाखवलंस, आणि त्याची किंमत तू अठरा वर्षं गप्प राहून दिलीस. पण तुझ्या स्वप्नानं तुला काय सांगितलं होतं? जा, आणि चुकले म्हण. असल्या सांगण्याला खरं-खोटं करायला देवदूताची साक्ष लागते का? मला तुझ्याकडून पुरावा नको होता. मला पुरावा शोधायला लागणारा वेळ हवा होता.

नाताळ झाला. फराळाचे डबे कुणी उघडले नाहीत. त्या संध्याकाळी स्मितानं चहा केला आणि मी सवयीनं शास्त्र घेतलं. जन्माचाच अध्याय वाचला. संपल्यावर मिटायला गेलो तेव्हा स्मितानं पानावर हात ठेवला. प्रश्न तिला विचारता आला नाही. मग मी गुरुवारचं ते वाक्य तिला सांगितलं, मिलिंदच्या वेळीही तुला देवानंच सांगितलं होतं ना, ते. तिची हाक ऐकूनही मी ओळ पूर्ण केली, तेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "ती माझ्यामुळे बसून होती." स्मितानं माझ्याकडे बघितलं आणि हात तिथेच राहू दिला. आम्ही शास्त्र न मिटता उठलो. तेव्हापासून ते टेबलावर उघडं आहे.

मी तुला जे बोललो त्याची माफी मला तुझ्याकडे मागायची होती. आता तोंड माझं आहे, पण ती घ्यायला तू कुठे आहेस?

आज सोमवार आहे. हे शेवटचं पान सकाळी सातला घेतलं आणि आता साडेनऊ होत आले. म्हणजे मी पुन्हा लिहीतच बसलो आहे. मला स्वप्न पडलेलं नाही, आवाज आलेला नाही. गाडी दारात आहे, पण आज मी एसटीनं जाणार आहे, मेहकरला बदलून, तू जाणार होतीस तशी.

आठ पानं कपाटात आहेत. शास्त्र उघडं आहे. तुझ्या चपला ओट्यावर आहेत. डबा बीबीला आहे, आणि गाडी दहाला आहे.